पेजेचे दिवस

माणसाच्या देहाला अनेक द्वारे आहेत. पण तोंडाइतके गजबजलेले द्वार दुसरे नाही. अन्न याच वाटेने आत जाते आणि शब्द याच वाटेने बाहेर येतात. ही वर्दळ दिवसभर इतकी सहजपणे चालू असते, की तिच्यासाठी एक हाड सतत राबत आहे याची आपल्याला आठवणही होत नाही. ते हाड म्हणजे खालचा जबडा. कवटीच्या मोठ्या हाडांपैकी मोकळेपणाने हलणारे हे एकटेच. सुपारी फोडण्याचे बळ याच्यात आहे आणि बाळाला गाणे म्हणून दाखवण्याची नजाकतही याच्यात आहे. परंतु हे हाड मोडले आणि तोंडाचे दार काही आठवडे बंद ठेवावे लागले, तर माणसाने खावे कसे आणि बोलावे कसे? करंज्याच्या एका तांडेलावर असाच प्रसंग आला.

करंजा हे उरण तालुक्यातील कोळ्यांचे गाव. धरमतरच्या खाडीच्या मुखाशी ते वसलेले आहे. धक्क्यावर उभे राहिले की समोरच्या तीरावर रेवस दिसते, आणि पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर उभा असतो. येथील माणसांचे पंचांग समुद्राच्या हाती असते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती साधारणपणे १ जूनला सुरू होऊन ३१ जुलैपर्यंत चालते. या दोन महिन्यांत होड्या काठावर विसावतात. कोणी फळ्या बदलतो, कोणी रंग देतो, कोणी ओसरीवर बसून फाटकी जाळी विणतो. समुद्र बंद असतो, पण हात बंद नसतात.

हा तांडेल अठ्ठेचाळीस वर्षांचा, उंचापुरा आणि खड्या आवाजाचा. भर वाऱ्यात त्याने नाळेवरून हाक दिली, की ती शेजारच्या होडीवरचे खलाशी ऐकत. जेवणही त्याच्या आवाजाला शोभेसे होते. तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण आणि तळलेली मांदेली समोर आली, की तो दहा मिनिटांत ताट रिकामे करून उठे. घरात त्याची म्हातारी आई होती. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. ती वाटीभर पेज घेऊन कोपऱ्यात बसे आणि सावकाश भुरके घेत राही. “आये, तुझं अजून आटपलं नाय का?” असे म्हणत तो हात धुऊन बाहेर पडे. त्या प्रश्नात रागही नसे आणि उत्तराची वाट पाहणेही नसे.

जून महिन्याच्या अखेरीस होडीचे यंत्र वर काढण्याचे काम चालले होते. ओल्या दोरावरून लोखंडी कप्पी निसटली आणि तिचा फटका तांडेलाच्या हनुवटीवर बसला. क्षणभर कोणाला काहीच कळले नाही. मग त्याने तोंड मिटण्याचा प्रयत्न केला. तेव्हा वरचे दात खालच्या दातांवर बसेनात. त्याला तत्काळ पनवेलच्या एका रुग्णालयात नेण्यात आले. जबड्याचे हाड धनुष्यासारखे वाकलेले असते. धनुष्यावर एका बाजूला घाव बसला की ताण दुसऱ्या बाजूलाही पोचतो. म्हणूनच जबडा पुष्कळदा दोन ठिकाणी मोडतो. तांडेलाच्या बाबतीत तसेच झाले होते. शल्यवैद्यांनी शस्त्रक्रिया करून मोडलेली टोके जुळवली आणि ती टायटॅनियम धातूच्या छोट्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी पक्की केली. शिवाय, हाडाला पूर्ण विसावा मिळावा म्हणून वरचे व खालचे दात तारांनी एकमेकांशी बांधून टाकले. चार आठवडे तोंड उघडायचे नाही, असा त्यांचा आदेश होता.

जबडा बांधण्याची ही कल्पना आजची नव्हे. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत, सांध्यातून निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा आणि वर विशिष्ट पट्टी बांधावी, असे सांगितले आहे. मोडलेल्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेने किंवा धाग्याने एकत्र बांधण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होती. खालचे दात वरच्या दातांशी तारांनी जखडण्याची पद्धत अमेरिकेतील थॉमस गिल्मर या वैद्याने १८८७ मध्ये पुढे आणली. पुढे १९५२ मध्ये स्वीडनमधील ब्रॉनेमार्क या संशोधकाला सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. या शोधामुळे हाडांच्या आणि दातांच्या उपचारांत टायटॅनियमचे महत्त्व फार वाढले. अशा किती देशांतील, किती काळांतील माणसांची बुद्धी एका कोळ्याच्या हनुवटीपाशी एकत्र आली होती!

परंतु शल्यवैद्यांचे काम संपले, तेथून घरच्या माणसांचे काम सुरू झाले. तांडेल घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर तीन वस्तू आल्या. पहिली, सुई नसलेली एक मोठी पिचकारी. तिच्या तोंडाला मऊ रबरी नळी जोडलेली होती. दुसरी, लहान मुलांचा असतो तसा मऊ केसांचा दात घासण्याचा ब्रश. तिसरी, तारा कापण्याची एक छोटी पक्कड. ही पक्कड काळ्या दोऱ्यात ओवून रोग्याच्या जवळच ठेवायची होती. उलटी झाली आणि श्वास कोंडला, तर जीव वाचवण्यासाठी तारा कापाव्या लागतात. एरवी तिला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पिचकारीने अन्न देण्याची रीत तांडेलाच्या पत्नीने रुग्णालयातच शिकून घेतली होती. दात बांधलेले असले तरी शेवटच्या दाढेच्या मागे थोडी फट असते. गालाच्या आतून नळी तेथवर न्यायची आणि रोग्याला ताठ बसवून थोडे थोडे पातळ अन्न सोडायचे. घाई केली तर ठसका लागतो. प्रत्येक वेळी खाणे झाले की कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची आणि तारांत अडकलेले कण ब्रशने हळुवार काढायचे. नाही तर तोंडात जंतू वाढून जखम चिघळते. एक पेला पेज पोटात जायला अर्धा तास लागे. ज्याचे जेवण दहा मिनिटांत उरकत असे, त्याच्या वाट्याला हा अर्धा तास दिवसातून सात वेळा आला.

पहिल्या आठवड्यात घरच्यांनी आजाऱ्याला द्यावी तशी पेज दिली. पेज हे कोकणचे जुने पथ्य आहे. आयुर्वेदात तिच्या पायऱ्याच सांगितल्या आहेत: तांदळाचे निवळ पाणी तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, आणि दाट ती विलेपी. मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी घ्यावे, असे जुन्या ग्रंथात प्रमाण दिलेले आहे. चीनमध्ये आजाऱ्याला ‘झोऊ’ देतात, जपानमध्ये ‘ओकायू’ देतात आणि तमिळनाडूत ‘कंजी’ देतात. ही सारी आपल्या पेजेचीच भावंडे. थकलेल्या पोटाला ती मानवते, यात शंका नाही. पण तांडेलाचे पोट आजारी नव्हते. हाड मोडले होते. आठ दिवसांनी तपासणीला गेल्यावर वजन साडेतीन किलोंनी उतरलेले आढळले. तेव्हा तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले, “पेजेत बहुतेक पाणीच असते. हाड सांधायला प्रथिने हवीत, चुना हवा, आणि एकूण आहारही भरपूर हवा. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने पुरतात. जखम भरत असताना त्याहून अधिक लागतात. अन्न पातळ असू द्या, पण पोकळ असू देऊ नका.”

‘पातळ, पण पोकळ नव्हे’ हे शब्द तांडेलाच्या मुलीने मनात पक्के धरले. ती सहाव्या इयत्तेत शिकत होती. तिने वहीचे पान आखून दिवसाचे सात भाग पाडले आणि ते पान भिंतीला चिकटवले. सकाळी दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व, त्यात दुधाची भुकटी घातलेली. नऊ वाजता साजूक तूप घातलेली पेज. पुढे ताक किंवा शहाळ्याचे पाणी. दुपारी मुगाचे कढण. तिसऱ्या प्रहरी भिजवलेला खजूर दुधात वाटून. सायंकाळी कुळथाचे कढण किंवा खाडीतल्या चिंबोऱ्यांचा रस. रात्री पुन्हा दूध. प्रत्येक पदार्थ मिक्सरमधून काढून, धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळला जाई. चिंबोरीच्या कवचाची कणभर कपची किंवा माशाचा केसाएवढा काटाही आत जाऊ नये, म्हणून आई फडके उजेडात धरून पाही. जे पोटात गेले त्यापुढे मुलगी पेन्सिलीने खूण करी. ते पान म्हणजे त्या घराचे होकायंत्रच झाले.

अन्नाचा प्रश्न असा सुटला. शब्दांचा मात्र सुटला नाही. बांधलेल्या दातांतून घोगरे, अस्पष्ट बोलणे निघत असे. आपला आवाज असा ऐकवणे तांडेलाला नको वाटे. मुलीने आपली जुनी पाटी त्याला दिली. तिच्यावर तो एकेक शब्द लिही: ‘पाणी’, ‘जाळे’, ‘भरती किती?’ शाळा सुटून वर्षे लोटली होती. अक्षरे वाकडी येत. एके दिवशी त्याने लिहिले, ‘तारा कशाला? पट्ट्या आहेत ना?’ मुलीला काय सांगावे ते सुचेना. तिने ओसरीवर पडलेले जाळे उचलले, नुकत्याच मारलेल्या एका कच्च्या गाठीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, तूच सांगतोस ना, गाठ आवळली नाय तोवर जाळं ओढायचं नाय? डॉक्टर म्हणाले, हाडाचं तसंच असतं.”

मुलीचे म्हणणे बरोबर होते. हाड मोडते तेव्हा प्रथम त्या जागी रक्ताची गुठळी होते. पुढील दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. मग त्यात चुना भरत जातो आणि सांधा कठीण होऊ लागतो. मऊ असताना त्याला हिसका बसला, तर टोके सरकतात आणि दात पुन्हा जुळत नाहीत. तांडेलाने जाळ्याकडे पाहिले आणि पाटी पुसून टाकली.

शाळेतून मुलीने आणखी एक गोष्ट आणली. संस्कृतात जबड्याला ‘हनु’ म्हणतात. बालपणी सूर्याला फळ समजून मारुतीने झेप घेतली, तेव्हा इंद्राच्या वज्राने त्याची हनु मोडली, म्हणून तो हनुमान झाला, अशी कथा रामायणात आहे. आणि करंज्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, की हनुमान औषधींचा पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला, तोच हा द्रोणागिरी. “बाबा, ज्याचा जबडा मोडला, त्यानंच पुढे डोंगर उचलला!” मुलगी म्हणाली. तांडेलाला हसता येत नव्हते. पण त्याचे डोळे हसले.

तरीही दिवस सोपे नव्हते. नवव्या रात्री बाहेर पाऊस कोसळत होता. औषधानंतर दूध घाईने घेतल्यामुळे तांडेलाला एकाएकी मळमळू लागले. तो धडपडून उठला. पत्नीने दोऱ्यासकट पक्कड हातात घेतली. तिचा हात थरथरत होता. एवढ्यात म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, “घाबरू नको, पोरा. खाली वाक.” डॉक्टरांनीही हेच सांगितले होते: मान मागे टाकायची नाही, पुढे वाकायचे, पोटात पातळच अन्न असल्याने ते दातांच्या फटींतून आणि गालांच्या बाजूंनी बाहेर पडते. तांडेल पुढे वाकला. पत्नीने त्याचे कपाळ धरले, मुलीने विजेरी धरली. दोन-तीन मिनिटांत सारे शांत झाले. श्वास मोकळा होता. तारा कापाव्या लागल्या नाहीत. पक्कड पुन्हा खुंटीवर गेली. त्या रात्री धीर सुटून ती चालवली असती, तर नऊ दिवसांची तपश्चर्या वाया गेली असती. आणि खरोखर श्वास कोंडला असता व ती चालवली नसती, तर प्राणावर बेतले असते. कोणती वेळ कोणत्या कृतीची आहे हे ओळखणे, यालाच प्रसंगावधान म्हणतात.

याहून कठीण वेळ आली ती एकोणिसाव्या दिवशी, आणि ती आजारामुळे नव्हे, वासामुळे. शेजारच्या घरी सुक्या बोंबलांची चटणी होत होती. भाजलेल्या बोंबलांचा, लसणीचा आणि चुलीवरच्या भाकरीचा वास कुडातून आत आला. पातळ अन्नाने पोट भरते. पण दातांची भूक, जिभेची भूक त्याने भागत नाही. चावण्यातही एक तृप्ती असते, हे ज्याला चावता येत नाही त्यालाच कळते. पत्नी पाण्याला गेली होती, मुलगी शाळेत होती. तांडेल उठला, खुंटीजवळ गेला आणि त्याने पक्कड हातात घेतली. आरशासमोर उभा राहून तो कितीतरी वेळ त्या तारांकडे पाहत राहिला.

म्हातारी हे पाहत होती. तिने हाक मारली नाही, की उपदेश केला नाही. ती चुलीपाशी गेली, पातेल्यातील पेज तिने दोन वाट्यांत ओतली, त्यांत मिठाचे चार खडे टाकले आणि एक वाटी त्याच्यासमोर ठेवली. मग ती खाली बसली. “बारा वरसं झाली, पोरा, माझ्या तोंडात दात नाय,” ती म्हणाली. “बोंबलाचा वास मलाही येतो. तू रोज विचारायचास, आये, अजून आटपलं नाय का? आज तूही बस. दोघं मिळून सावकाश खाऊ.”

तांडेलाच्या हातातील पक्कड खाली आली. बारा वर्षे ही माऊली याच घरात, याच कोपऱ्यात, हीच वाटी घेऊन बसत होती. बोंबील तीच निवडी, वाटणही तीच सांगे. आणि इतरांची ताटे भरल्यावर स्वतः पेज पिई. त्याला चार आठवड्यांचा बंदिवास असह्य झाला होता. तिला मुदतच नव्हती. त्याने पाटी ओढली आणि लिहिले, ‘आये, बस.’ मग पक्कड खुंटीला अडकवून तो तिच्या शेजारी बसला. आई भुरका घेई, मुलगा पिचकारीने घोट घेई. त्या दुपारी पेज संपायला तासभर लागला. त्यानंतर तारा निघेपर्यंत त्या दोघांचे जेवण एकत्रच झाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी तारा काढल्या. तोंड लगेच उघडेल अशी सर्वांची अपेक्षा होती. पण स्नायू आखडले होते आणि दातांमध्ये जेमतेम एक बोट शिरत होते. निरोगी माणसाचे तोंड सुमारे तीन बोटे उघडते. रोज थोडा थोडा व्यायाम करून ती दोन बोटांची वाट चालायची होती. आहारही पायरीपायरीने वाढवायचा होता: प्रथम गुरगुट्या भात, मग रसात कुस्करलेला मासा, मग मऊ पोळी, भाकरी आणि सुपारी सर्वांत शेवटी. एकूण वजन पाच किलोंनी उतरले होते, तरी दुसऱ्या आठवड्यापासून उतार जवळजवळ थांबला होता. भिंतीवरच्या पानाने आपले काम केले होते.

१ ऑगस्टला बंदी उठली. होडी निघाली ती धाकट्या भावाच्या हाताखाली. तांडेल धक्क्यावर उभा राहिला. नेहमीची हाक देण्यासाठी त्याने तोंड उघडले, पण आवाज थोड्याच अंतरावर विरला. त्याने हात उंच केला. होडीवरून सर्वांचे हात वर झाले. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मात्र तो स्वतः नारळ घेऊन समुद्राला सामोरा गेला. घरी नारळीभात झाला होता. तो त्याने एकेक शीत चावून, चव घेत खाल्ला. पूर्वीचे दहा मिनिटांचे जेवण आता पुरते अर्ध्या तासाचे झाले होते, आणि त्याचा त्याला कंटाळा येत नव्हता.

पुढे त्याने आईला पनवेलला नेऊन कवळीसाठी माप द्यायला लावले. कवळी आली, पण इतक्या वर्षांच्या सवयीने म्हातारीला ती बोचे, आणि ती पुष्कळदा डबीतच राही. तेव्हा त्या घरात एक नवा नियम झाला. सुके बोंबील मऊ शिजवून, निवडून, दगडी पाट्यावर बारीक वाटायचे आणि त्यांचा पातळ रस म्हातारीच्या पेजेत घालायचा. ज्या मलमलीच्या फडक्याने मुलासाठी चिंबोरीचा रस गाळला, तेच आता आईसाठी कामी येऊ लागले.

दुखणे माणसाची शक्ती काही काळ हिरावून घेते, हे खरे. पण त्याच काळात ते त्याला अशा माणसांच्या शेजारी नेऊन बसवते, की ज्यांच्याकडे धडधाकटपणाच्या धांदलीत त्याची नजरच गेलेली नसते. बरे झाल्यावर ती जागा जो विसरत नाही, त्याचे दुखणे वाया गेले असे म्हणता येणार नाही. करंज्याच्या त्या घरात आजही भरतीची वेळ पाहून माणसे घाईने उठतात, जाळी उचलतात, धक्क्याकडे धावतात. मात्र रात्री म्हातारीच्या वाटीतील पेजेचा शेवटचा घोट संपेपर्यंत पंगतीतून कोणी उठत नाही.